जावयापुरते डोळे

दोन वर्षं माझी आई आंधळी होती आणि आमच्या अख्ख्या वस्तीत कुणाला त्याचा पत्ता नव्हता. मला तर नाहीच नाही, आणि मी सकाळच्या चहापासून संध्याकाळच्या शेकोटीपर्यंत तिच्या पायात पायात असते. लोक आता मलाच विचारतात, ग्लेनिस, तुला कसं गं कळलं नाही? मी म्हणते, तुम्हाला कळलं होतं का? मग खाली मान घालून चहा पितात.

आई म्हणजे एफी. मला जन्म दिला तो तिच्या धाकट्या बहिणीनं, पण आमच्यात आईची बहीण म्हणजे आईच, त्यात सख्खी-सावत्र काही नाही. जन्म देणारी आई मी नऊ वर्षांची असताना पोटात दुखतंय म्हणून विमानानं शहरातल्या इस्पितळात गेली आणि पेटीतून परत आली. तिचं नाव मी इथे घेणार नाही, गेलेल्या माणसाचं नाव आम्ही घेत नसतो. मला वाढवलं एफीनं. तिची पोटची मुलगी नोरीन, माझ्याहून मोठी, म्हणून माझी ताई. ताईचा नवरा क्लिफ्टन, म्हणजे माझे दाजी. या गोष्टीत माणसं एवढीच आहेत, उगाच कुणी गोंधळू नये.

मधमुंग्या खणणाऱ्या बायका आमच्याकडे पुष्कळ. मीही खणते, अगदीच काही टाकाऊ नाही मी. पण एफीचा हात वेगळा. मल्गाच्या झाडाखाली लाल मातीत नखाएवढं भोक असतं. ना वारूळ, ना मातीचा ढीग. ते दिसेपर्यंत डोळे फुटायची वेळ येते. दिसलं की पहार घ्यायची आणि बाजूनं खणत खाली जायचं, कंबरेपर्यंत, छातीपर्यंत, कधी डोकं बुडेपर्यंत. मग आडवे बोगदे लागतात आणि त्यांच्या टोकाला लहान लहान खोल्या. खोलीच्या छताला मुंग्या लटकलेल्या असतात, पोटं द्राक्षाएवढी फुगलेली. बाकीच्या मुंग्या पावसानंतर झाडांवरचा गोडवा गोळा करतात आणि आणून यांना पाजतात. या बिचाऱ्या हलत नाहीत की डुलत नाहीत, सगळ्यांचा साठा पोटात घेऊन जन्मभर घरात टांगलेल्या. गवताच्या काडीनं अलगद ओढायची, डोकं चिमटीत धरायचं आणि पोट ओठांत घेऊन फोडायचं. मधमाशीचा मध नव्हे हो, तो घशाला चिकटतो. हा पातळ, गार, आणि मागून जरासा आंबट. दुकानातलं कुठलंही गोड त्याच्यापुढे पाणी भरेल.

एफी गाडीतून उतरली की आधी हाका मारते. माणसांना नाही, जागेला. 'मी एफी. ही ग्लेनिस, ही नोरीन. तुमचीच पोरं आहोत, भूक घेऊन आलोय, उपाशी पाठवू नका.' मुंग्यांची ती जागा तिच्या बापाकडून तिच्याकडे आलेली, आणि त्या मुंग्या पहिल्यांदा कुठून निघाल्या, कुठे थांबल्या याची मोठी कथा आहे. ती मी सांगणार नाही, ती माझ्या एकटीची नाही. आणखी एक. एफी घरटं कधी रिकामं करत नाही. पाच खोल्या लागल्या तर तीनच उघडते. शहरात वाढलेल्या माझ्या एका बहिणीनं एकदा सगळंच ओरबाडलं, तर एफीनं तिच्या हातातली काठवट काढून घेतली आणि म्हणाली, 'आता त्यांच्या पोरांना तू पाज.' ती बहीण अजून एफीच्या समोरून जात नाही, मागच्या बाजूनं जाते.

तर त्या दोन वर्षांच्या सुरुवातीला एफीनं नवीन खूळ काढलं. स्वतः भोक शोधायचं बंद केलं. झाडाखाली मांडी घालून बसायचं आणि मला फर्मान सोडायचं, 'जा, तू शोध.' मी ओणवी होऊन होऊन पाठीचा कणा मोडून घ्यायची, तरी ही बसल्या जागेवरून, 'काय गं, डोळे घरी ठेवून आलीस का?'

'मग तूच दाखव ना.'

'मी दाखवत बसले तर तू शिकणार कधी? मी काय तुला जन्माला पुरणार आहे?'

मला वाटायचं, वा, आई आपल्याला विद्या देते आहे. वस्तीत छाती फुगवून फिरायची मी. भोक सापडलं की तिला हाताला धरून तिथे न्यायची. ती गुडघ्यांवर बसायची, मातीवर तळहात फिरवायची, पहारेच्या टोकानं ठोकायची, कान लावायची आणि सांगायची, 'इथून नको, उगवतीच्या बाजूनं खण.' दर वेळी बरोबर. खड्ड्यात उतरून बोगद्यात खांद्यापर्यंत हात घालायची आणि एकही पोट न फोडता मुंग्या बाहेर काढायची. मी सगळ्यांना सांगायची, आमची आई डोळे मिटून मुंग्या काढते. खरंच सांगत होते की मी, फक्त मला ते ठाऊक नव्हतं.

दवाखान्यातली नर्सबाई डोळे तपासायला येणार असं कळलं की एफी आदल्या दिवसापासून गायब. तिनं मनाशी सगळं ठरवून टाकलं होतं, हे तिनंच मला नंतर सांगितलं. कळलं तर विमानात बसवतील. विमानात बसलेली बहीण कशी परत आली ते तिनं पाहिलं होतं. आणि समजा नाहीच बसवलं, तरी आंधळ्या म्हातारीला रानात नेतंय कोण? तिला घरापुढे खुर्चीत बसवतात, मांडीवर पांघरूण टाकतात आणि चहा आणून देतात. एफीला खुर्ची म्हणजे मरण. मुंग्या खणणं सुटलं तर ती काय म्हणून जगणार होती?

आता दाजींचं सांगते, कारण खरी गोष्ट तिथेच आहे. आमच्यात सासूनं जावयाकडे बघायचं नाही आणि जावयानं सासूकडे. बोलायचं नाही, नाव घ्यायचं नाही, एका सावलीत बसायचं नाही, एकानं दुसऱ्याच्या हातून काही घ्यायचं नाही. समोरून येताना दिसला की वळायचं. शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं. भांडण नसतं हो. उलट, एवढा मान आम्ही दुसऱ्या कुणालाच देत नाही. जावयानं शिकार केली की चांगला वाटा सासूचा, पण तो जातो तिसऱ्याच्या हातून. आमच्या घरात तो तिसरा हात सव्वीस वर्षं माझा आहे.

'नोरीनकडच्या माणसाला सांग, कांगारूची शेपटी कच्ची होती.'

दाजी बारा पावलांवर पाठ करून बसलेले, शब्द न् शब्द ऐकताहेत. तरी मी उठायचं, जायचं, सांगायचं. दाजी म्हणणार, 'सांग, पुढच्या वेळी जास्त वेळ राखेत ठेवतो.' तेही एफीनं ऐकलेलंच असतं. तरी मी परत यायचं, सांगायचं. माझे पाय तुटायची वेळ आली, पण दोघांपैकी एकाला माझी दया येईल तर शपथ.

वस्तीत चालू स्थितीतली गाडी बहुतेक वेळा एकच, ती दाजींची. म्हणून पुढच्या सीटच्या मागे दोरीवर घोंगडी टांगलेली असते. पुढे दाजी आणि ताई. घोंगडीमागे एफी, मी, पहारी, फावडी आणि दोन कुत्री. मी मुद्दाम म्हणायची, 'दाजी, पडदा जरा सरकवा की, सासूबाईंना तुमचं तोंड बघायचंय.' एफी माझ्या मांडीला असा चिमटा काढायची की आठवडाभर काळंनिळं. दाजी काही बोलायचे नाहीत, पण घोंगडीपलीकडून त्यांना हसू दाबता येत नाहीये हे कळायचं.

असं दोन वर्षं चाललं, आणि मग एका उन्हाळ्याच्या शेवटी पाऊस चांगला झाला आणि थंडीच्या तोंडावर एफीनं घोषा लावला, चला, पोटं भरली असतील. गेलो. वारा बोचरा होता. दाजींनी नेहमीसारखी गाडी लांब उभी केली आणि शेकोटी पेटवली. आम्ही तिघी झाडांत शिरलो. एफीनं हाका मारल्या, मी भोक शोधलं आणि ताई नि मी खणायला लागलो. दुपारपर्यंत छातीएवढा खड्डा झाला. एफी आत उतरली आणि बघता बघता काठवटीचा तळ झाकला. पिवळ्याधमक मुंग्या, काही तांबूस. अशी भरलेली पोटं कित्येक वर्षांत पाहिली नव्हती.

तेवढ्यात ताईच्या पाठीत उसण भरली. मी जरा शेकोटीजवळ पडते म्हणून ती गेली. तिथे दाजी झोपले होते, निघण्याआधी गाडीचं काहीतरी बिघडलं म्हणून पहाटेपासून तिच्याखाली होते बिचारे. त्यांना थंडी वाजेल म्हणून ताईनं अंगातलं निळं लोकरी जाकीट काढून त्यांच्या अंगावर टाकलं. पडते म्हणाली होती ना? पण पलीकडे घोरपडीचा ताजा माग दिसला आणि बाईसाहेबांची उसण पळाली. गेली मागावर. हे आम्हाला खड्ड्यातून काय कळणार? दाजी लांब गाडीत असतील असंच आम्ही धरलं होतं.

एफी वर आली. अंगावरची माती झटकली आणि म्हणाली, 'पहिल्या मुंग्या नोरीनला. सकाळपासून पोटात काही नाही तिच्या.'

'आण, मी नेऊन देते.'

'माझी लेक आहे. मला पाय आहेत.'

धुराच्या वासावर ती सरळ शेकोटीकडे गेली. खड्ड्यातून माझं डोकं तेवढं बाहेर होतं. मला काही वावगं वाटलं नाही, कारण निळं जाकीट मलाही दिसत होतं आणि ते ताईचं होतं. मग जाकिटाखालून बूट दिसले. दाजींचे.

मी ओरडणार तोवर उशीर झाला होता. लोकरी जाकीट हाताला लागताच ती नोरीन समजून एफी त्यांच्या उशाशी बसली होती. तापानं फणफणलेल्या लेकराजवळ आपण बसतो ना, तेवढी जवळ. काठवट खाली ठेवली, एक मुंगी चिमटीत घेतली आणि म्हणाली, 'नोरीन, आ कर.'

दाजींनी मला नंतर सांगितलं. आवाजानं ते जागे झाले आणि त्यांनी डोळे गच्च मिटून घेतले. उठून पळाले असते तर आपण कुणाला भरवायला बसलो ते तिला कळलं असतं. बोलले असते तरी तेच. म्हणून माझ्या दाजींनी, जे सव्वीस वर्षांत तिच्या सावलीवरून गेले नव्हते, तोंड उघडलं आणि निमूट मुंगी खाल्ली. म्हातारीला कळू नये म्हणून.

आणि कळलंही नसतं. पण एफीनं दुसरी मुंगी उचलली आणि दुसऱ्या हातानं मायेनं लेकीचा गाल चाचपला. हाताला दाढीचे खुंट लागले.

तिनं हात काढून घेतला. काठवट तिथेच राहिली. ती उठली, रुमाल डोक्यावरून तोंडावर ओढला आणि चालायला लागली. वाटेत झुडपात अडकून पडली, उठली, परत चालली. तेव्हा मला कळलं. कुणी सांगायची गरज नव्हती. आमच्यातली बाई नवऱ्याला विसरेल, स्वतःचं नाव विसरेल, पण डोळे धड असताना जावयाच्या उशाशी जाऊन बसणार नाही.

मी धावत पोचले तर ती झाडामागे बसून जमिनीवर हात फिरवत होती. दगड शोधत होती, स्वतःच्या कपाळात घालायला. मी तिचे दोन्ही हात धरले.

'सोड.'

'नाही सोडत. किती दिवस झाले?'

'कशाला?'

'डोळ्यांचं विचारतेय, आई.'

तिनं हात सोडवणं थांबवलं. मग म्हणाली, 'तुझ्या पांढऱ्या कुत्रीला पिल्लं झाली तेव्हा धूर धूर दिसायला लागलं. आता नुसता उजेड कळतो.'

त्या पिल्लांना आता पिल्लं झाली होती. मी हिशेब केला आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली. 'आणि मला म्हणे शिकवत होतीस.'

'शिकलीस की नाही?'

मला रडू आलं आणि रागही आला. हिच्या दोन थोबाडीत द्याव्यात की हिला पोटाशी धरावं ते कळेना. शेवटी पोटाशी धरलं. ती एकच वाक्य परत परत म्हणत होती, 'मी त्याच्या तोंडाला हात लावला, ग्लेनिस. मी त्याच्या तोंडाला हात लावला.'

त्या दिवशी गाडी ताईनं चालवली. दाजी आमच्याबरोबर आले नाहीत, मोठ्या रस्त्यापर्यंत चालत गेले आणि दुसऱ्या कुणाच्या गाडीतून उशिरा पोचले. असं काही घडलं की आमच्यात दोन्हीकडून वस्तू द्यायच्या असतात, म्हणजे घडलेलं पुसलं जातं. दाजींनी माझ्या हातून कोरी जाड घोंगडी पाठवली. एफीनं काय पाठवलं? आपली पहार. तीस वर्षं हातात वागवलेली, टोक झिजून बोटभर राहिलेली. मी म्हटलं, अगं दुसरं काही दे. म्हणाली, 'जिवाला लागेल असंच द्यायचं असतं.'

पहार देऊन मामला मिटला, असं मला वाटलं. मिटला नाही. दोन दिवसांनी दाजींनी कपडे भरले आणि शंभर किलोमीटरवर भावाच्या वस्तीत राहायला निघाले. मी गाडीच्या दारात उभी राहिले.

'दाजी, हा काय पोरकटपणा?'

'पोरकटपणा नाही. तिला मी दिसत नाही. इथे राहिलो तर आज ना उद्या पुन्हा माझ्या पुढ्यात येईल. चूक तिची नसेल, पण लाज तिलाच खाईल.'

'मग खोकत जा, शिट्टी वाजवत जा. तिला कान आहेत.'

'आणि मी झोपेत असलो तर?'

मी दारातून बाजूला झाले. ते म्हणाले, 'त्या दिवशी ती मला भरवत होती ना, तेव्हा तिचा हात मायेचा होता. माझी आई लहानपणीच गेली. तिला हे सांगू नकोस.' आणि गाडी सुरू केली. मी नाही सांगितलं. इथे सांगतेय, कारण आता सगळं निवळलंय, सांगितलेलं चालेल.

गाडी गेली म्हणजे मुंग्याही गेल्या. ताईचा नवरा गेला म्हणून ताई धुसफुसायला लागली. येता जाता भांडी आपटायची. एक दिवस एफीच्या तोंडावर म्हणाली, 'नर्सबाई दारात येत होती तेव्हा लपून बसलीस. तुझ्या भीतीपायी माझं घर दोन ठिकाणी झालं.' एफीनं ऐकून घेतलं. एरवी तिला कुणी असं बोललं असतं तर त्याच्या सात पिढ्या निघाल्या असत्या. ती घरापुढे खुर्चीत बसून राहिली. कुणीतरी मांडीवर पांघरूण टाकलं, तेही तिनं टाकू दिलं. मी मुळांतल्या अळ्या राखेत भाजून आणल्या, तिला आवडतात म्हणून. दोन खाल्ल्या आणि काठवट कुत्र्यापुढे सरकवली. मला खरंच भीती वाटायला लागली की ही आता अशीच विझणार.

दोन महिने असे गेले. मग एका सकाळी मी चहा दिला तर म्हणाली, 'त्या नर्सबाईला बोलव.'

'शहरात जावं लागेल.'

'माहीत आहे.'

'विमानानं.'

'डोळे गेलेत, कान नाही गेले. विमानानंच जातात.'

मी तिच्यासमोर उकिडवी बसले. 'मुंग्यांसाठी ना, आई?'

तिनं कप खाली ठेवला. 'मुंग्या मला हातानं दिसतात. नातवंडं आवाजावरून कळतात, तू पायांच्या धपधपीवरून. जावई कशावरून कळणार? तो माझ्या आसपास श्वाससुद्धा हळू घेतो, त्याच्या घरच्यांनी शिकवलंय तसा. आंधळ्या बाईला मुंग्या खणता येतात, ग्लेनिस. जावयाचा मान ठेवता येत नाही. त्याच्याकडे बघायचं नसेल तर तो मला आधी दिसायला नको?'

मी उठले आणि तशीच दवाखान्यात गेले, चूल जळत ठेवून.

शहरातल्या त्या इस्पितळाच्या फाटकाशी पोचलो तेव्हा मी पिशवी छातीशी धरली. मला जन्म देणारी आई इथेच आत गेली होती. एफीनं माझं मनगट असं धरलं होतं की तिची नखं रुतली. फाटकातच ती थांबली. ती जमीन आमची नाही, दुसऱ्या लोकांची आहे, त्यांची भाषाही वेगळी. तरी तिनं मान वर केली आणि भर रस्त्यात मोठ्यानं हाक घातली, 'मी एफी. पश्चिमेकडची. आपली ओळख नाही. माझी एक बहीण तुमच्याकडे आली होती, ती मला परत मिळाली नाही. मी परत जाणार आहे, लक्ष असू द्या.' येणारेजाणारे बघत होते. मला लाज वाटली नाही, आणि ज्यांना आपण काय बघतोय ते कळलं नाही त्यांच्याशी मला काही देणंघेणं नाही.

डॉक्टरीणबाई कोवळी होती, माझ्या भाचीच्या वयाची; मोतीबिंदू आहे, काढून टाकू म्हणाली. आत जाताना एफी माझा हात सोडेना. 'मी परत आले नाही तर माझं नाव घ्यायचं नाही हे विसरू नकोस, तुझी जीभ सैल आहे,' म्हणाली. दार बंद झालं. मी बाहेर बाकावर बसून रडले, उघड उघड रडले. अर्ध्या तासात दार उघडलं आणि एका डोळ्यावर पट्टी बांधलेली एफी चाकाच्या खुर्चीतून बाहेर आली. म्हणाली, 'एवढंच? आणि खायला कधी देतात?'

दुसऱ्या दिवशी सकाळी नर्सनं पट्टी काढली. एफीनं आधी स्वतःचे हात पाहिले, पालथे, उलथे, नखांतली माती. मग माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

'तू एवढी जाड कधी झालीस?'

मी म्हटलं, 'तू शिकवत होतीस तेव्हा.'

हसली. हसता हसता तिच्या नव्या डोळ्यातून पाणी आलं आणि नर्स ओरडली, डोळा पुसू नका म्हणून.

आम्हाला परत विमानानंच जायचं होतं. पण ताईनं दाजींच्या भावाच्या वस्तीत निरोप धाडला होता, आणि दाजी पाचशे किलोमीटर गाडी हाणत आले होते. मला याचा काही पत्ता नव्हता. आम्ही पिशवी घेऊन लांबलचक व्हरांड्यातून निघालो होतो. एफी माझा हात न धरता चालत होती, भिंतीवरची चित्रं बघत, जमिनीवरच्या फरशा बघत, समोरून येणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडाकडे न्याहाळून बघत. पार टोकाला काचेचं दार होतं. ते उघडून एक माणूस टोपी हातात घेऊन आत आला.

'तो पांढऱ्या केसांचा म्हातारा बघ,' एफी म्हणाली, 'आपल्याकडचा वाटतो. कोण गं?'

मी काही बोलले नाही. काय बोलणार होते? माझं गप्प राहणं तिला पुरलं. ती जागच्या जागी वळली, रुमाल डोक्यावरून ओढला आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. मी सांगितलं नाही, ढकललं नाही, तिची ती वळली. तिकडे दाजींनी तिला वळताना पाहिलं आणि तेही समोरच्या भिंतीकडे वळले. टोपी छातीशी धरून.

'सगळेच पांढरे झाले?' तिनं भिंतीला विचारलं.

'सव्वीस वर्षं झाली, आई.'

'लग्नात काळाभोर होता, कुणीतरी सांगितलं होतं मला.' ती रडत होती. 'विचार त्याला, थंडीत तिकडे पांघरायला होतं का. आणि सांग, घरी ये म्हणावं. आता मला वळता येतं.'

मी त्यांच्याकडे निघाले. दोन पावलं गेले असेन, तेवढ्यात पट्टी काढणारी नर्स धावत आली. एक म्हातारी या भिंतीला नाक लावून, एक म्हातारा त्या भिंतीला. तिनं घाबरून माझा दंड धरला. 'काय झालं त्यांना? दिसत नाहीये का?'

'दिसतंय,' मी म्हटलं. 'आता चांगलं दिसतंय.'